‘ती असं करणारच नाही!’ – मग तिने पुंगळी खिशात का टाकली?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे मालिका न पाहिलेल्यांनाही उत्तर कळेल. दोन सीझनभर जी तपास अधिकारी एकदाही खोटं बोलली नाही, खरं बोलण्यापायी जिने बढती घालवली, ती तिसऱ्या सीझनच्या सहाव्या भागात गोळीबाराच्या जागेवरची काडतुसाची रिकामी पुंगळी उचलते आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून खिशात टाकते. कारण पुढच्या भागात कळतं: गोळी तिच्या हाताखालच्या पोरसवदा शिपायाकडून सुटलेली असते. निम्मे चाहते म्हणतात, लेखकांनी पात्राची वाट लावली. उरलेले म्हणतात, माणसं बदलतात, यालाच पात्राची वाढ म्हणतात. तुम्ही विचारता, खरं कोणाचं? लेखकांनी हे आधीपासून ठरवलेलं असतं का? आणि जाता जाता आणखी एक: तिच्या नवऱ्यावर सगळे एवढे का उखडलेले असतात, तो बिचारा तर काहीच वाईट करत नाही.

मालिकेचं नाव मुद्दामच घेत नाही, तिसरा सीझन अजून न पाहिलेले बरेच असतील. दुसऱ्या काही जुन्या मालिकांची गुपितं मात्र या उत्तरात फुटणार आहेत, तेवढं चालवून घ्या.

मी वीसेक वर्षं मालिका लिहितोय, त्यातल्या बहुतेक गुन्ह्यांच्या. ‘ती असं करणारच नाही’ हे वाक्य दोन्हीकडून ऐकलंय. प्रेक्षकांकडून शिवी म्हणून, आणि रायटर्स रूममध्ये रात्री अकरा वाजता, कोणीतरी टेबलावर पेन आपटून म्हटलेलं. माझा अनुभव असा, की हे वाक्य वरवर स्वभावाबद्दल असतं आणि आत बघितलं तर माहितीबद्दल निघतं. पात्राला काय माहीत आहे, ते आपल्याला कधी कळलं, आणि आपल्याला माहीत असलेलं त्याला कधी कळणार. प्रेमकथेत किंवा घरगुती मालिकेत हे थोडं सैल ठेवलं तरी खपतं. गुन्ह्याच्या कथेत सगळा व्यवहारच माहितीचा असतो, त्यामुळे तिथे हिशेब चुकला की पात्रच खोटं वाटायला लागतं.

आम्ही भिंतीवर एक तक्ता लावायचो. वर ओळीने पात्रांची नावं, डावीकडे भागांचे आकडे, आणि प्रत्येक चौकटीत एकच गोष्ट: या भागाच्या शेवटी याला काय काय माहीत आहे. शेवटचा रकाना प्रेक्षकाचा. नवीन लेखकांना हा तक्ता कारकुनी वाटतो. पण वनलाइन, म्हणजे भागाचा प्रसंगवार आराखडा, कितीही झकास असो, संवाद कितीही टाळ्या घेणारे असोत, या तक्त्यात भोक असेल तर कोणीतरी नेमकं त्यात बोट घालतं. चाहते घालतातच. त्यांच्याकडे वेळ असतो आणि ते भाग तीनतीनदा बघतात.

हा तक्ता स्वभाव कसा घडवतो हे मला ‘द वायर’ने शिकवलं. २००२ ते २००८ या काळात आलेली, बाल्टिमोर शहरातली, साठ भागांची मालिका. तिचे कर्ते डेव्हिड सायमन आधी तिथल्याच वर्तमानपत्रात गुन्ह्यांच्या बातम्या करायचे आणि सहकारी एड बर्न्स तिथल्याच पोलीस खात्यात तपास अधिकारी होते. त्यात एव्हन आणि स्ट्रिंगर हे दोन बालमित्र अमली पदार्थांचा धंदा चालवतात. दुसऱ्या सीझनमध्ये स्ट्रिंगर एव्हनच्या भाच्याला तुरुंगातच संपवतो, आणि ते आत्महत्येसारखं दिसेल अशी व्यवस्था करतो. हे आपल्याला माहीत असतं, एव्हनला नसतं. तिसरा सीझन निम्मा उलटेपर्यंत नसतं. मधल्या काळात दोघांच्या प्रत्येक साध्या बोलण्याला धार येते. स्ट्रिंगर भाच्याचं नाव ऐकून नजर वळवतो, तेवढ्यावर आपल्या पोटात गोळा येतो. वास्तविक त्या प्रसंगात लिहिलेलं काहीच नसतं, हिशेबाची वही, पैसे, पुढचा माल.

आणि मग त्याच सीझनच्या शेवटाकडे दोघे एका गच्चीवर उभे राहून शहराचे दिवे बघत लहानपणच्या गोष्टी काढतात. कधीतरी बॅडमिंटनचा सेट चोरला होता, पण जाळं बांधायला अंगणच नव्हतं, यावर हसतात. तोपर्यंत दोघांनीही आतून एकमेकांचा सौदा केलेला असतो, एकाने पोलिसांशी, दुसऱ्याने मारेकऱ्यांशी. प्रत्येकाला फक्त स्वतःचं पाप माहीत आहे. आपल्याला दोन्ही माहीत आहेत. आता सांगा, या प्रसंगात एव्हनचा स्वभाव कुठल्या वाक्यात आहे? कुठल्याच नाही. तो त्या तक्त्यातल्या रिकाम्या चौकटीत आहे. आणि तरीही ‘एव्हन असं करणारच नाही’ असं म्हणणारा प्रेक्षक मला आजवर भेटलेला नाही. मित्राला मरायला सोडणं ही पुंगळी लपवण्यापेक्षा कितीतरी मोठी गोष्ट आहे, पण ती पचते, कारण तिथवर नेणारी प्रत्येक पायरी आपल्या डोळ्यांदेखत बांधली गेली.

उलट्या बाजूचं उदाहरण ‘ब्रॉडचर्च’चं. २०१३ चा पहिला सीझन, आठ भाग, एका मुलाचा खून. त्यात एली मिलर ही तपास अधिकारी एका बाईला अविश्वासाने विचारते, की घरात एवढं चाललेलं तुला कळलं कसं नाही? आपणही एलीच्या बाजूने असतो, त्या बाईला मनातून दोष देतो. शेवटच्या भागात खुनी एलीचा स्वतःचा नवरा निघतो, आणि तोच प्रश्न तिच्यावर उलटतो. इथे प्रेक्षकाच्या रकान्यात काहीच नव्हतं, एलीच्याही नव्हतं. बहुतेक कलाकारांनासुद्धा खुनी कोण हे सांगितलेलं नव्हतं. धक्का बसला, पण एली खोटी वाटली नाही. कारण जे तिला माहीत नव्हतं ते आपल्यालाही नव्हतं. आपण तिच्याबरोबरच फसलो.

म्हणजे दोन रस्ते आहेत. एक, पात्राइतकंच प्रेक्षकाला द्या. दोन, पात्रापेक्षा जास्त द्या. ‘कोलंबो’ ही जुनी अमेरिकन पोलीस-मालिका तर दुसरा रस्ता शेवटपर्यंत ताणायची. सुरुवातीलाच खून दाखवायचा, खुनी दाखवायचा, आणि मग चुरगळलेल्या रेनकोटातला तो माणूस दारातून परत वळून आणखी एक प्रश्न विचारायचा. कोण हे कोडंच नसल्यामुळे सगळं लक्ष त्या दोघांच्या वागण्यावर. पन्नासेक वर्षं झाली, अजून लोक ते आवडीने बघतात.

तिसरा रस्ता धोक्याचा: ज्या पात्राच्या डोळ्यांनी आपण सगळी गोष्ट बघतोय, त्याला माहीत असलेलं आपल्यापासून लपवायचं. तुमच्या मालिकेने नेमकं हेच केलंय.

पाचवा भाग पुन्हा काढा. विसाव्या मिनिटाच्या आसपास ती गाडीत बसलीय, शेजारी तो शिपाई. काचा बंद, बाहेर पाऊस, कॅमेरा बाहेर. तो काहीतरी सांगतोय, ती ऐकतेय, मग दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बराच वेळ समोर बघत राहते. आपल्याला एक शब्द ऐकू येत नाही. पाहताना वाटतं, दिग्दर्शकाने सुंदर शॉट घेतलाय. घेतलाय खरा. पण तिचा निर्णय होतो तो तिथे, त्या बंद काचेमागे. सहाव्या भागात ती पुंगळी उचलते तेव्हा ती त्या निर्णयाचा नुसता अंमल करतेय. आपण मात्र निर्णय पाहिलेलाच नाही, म्हणून आपल्याला ती अचानक वेडी झाल्यासारखी दिसते. सातव्या भागात फ्लॅशबॅकने गाडीतलं संभाषण ऐकवतात, म्हणजे उधारी चुकती करतात. पण तोवर आठवडा उलटलेला असतो आणि निम्म्या लोकांचा तिच्यावरचा विश्वास उडालेला असतो.

लेखकांनी असं का केलं असेल? हुकसाठी, म्हणजे पुढचा भाग बघायलाच लावणाऱ्या शेवटासाठी, दुसरं काय. सहाव्या भागाचा शेवट त्या खिशावर करायचा होता. गाडीतलं बोलणं आधी ऐकवलं असतं तर तो शेवट धक्क्याचा न राहता धाकधुकीचा झाला असता: उचलेल का, उचलेल का, अरे उचलली! माझ्या मते तो जास्त चांगला झाला असता. पण चॅनेलच्या बैठकीत धक्का विकणं सोपं असतं. एका ओळीत सांगता येतो.

तेव्हा कोणाचं खरं, यावर माझा कौल असा: ‘पात्राची वाट लावली’ म्हणणाऱ्यांचं दुखणं खरं आहे, पण त्यांनी केलेलं निदान चुकलंय. तिचा निर्णय तिच्या स्वभावाला धरूनच आहे. दोन सीझन ती खरं बोलली ते नियमावरच्या प्रेमापोटी नाही. दर वेळी तिच्या खरं बोलण्यामागे कोणीतरी दुबळा माणूस उभा होता, आठवून बघा. पहिल्या सीझनमध्ये कोठडीतला मुका मुलगा, दुसऱ्यात ती म्हातारी साक्षीदार. या वेळी दुबळा माणूस खोट्याच्या बाजूला उभा आहे, एवढाच फरक. ‘पात्राची वाढ’ म्हणणाऱ्यांना हे अर्धवट जाणवलंय, पण वाढ हा शब्द मला तिथे बसत नाही. ती वाढलेली नाही, ती तीच आहे. बदललाय तो पेच.

आता, हे आधीपासून ठरलेलं असतं का?

चाहत्यांचा असा समज असतो, की कुठेतरी एक जाडजूड बायबल, म्हणजे मालिकेची मूळ आराखड्याची वही, आहे आणि त्यात पाचही सीझन लिहून ठेवलेत. बायबल असतं. पहिल्या सीझनपुरतं बरं असतं. पुढे त्याची अवस्था लग्नात मिळालेल्या भांड्यांसारखी होते, माळ्यावर.

‘ब्रेकिंग बॅड’चंच घ्या, २००८ ते २०१३, बासष्ट भाग. इतकी आखीव कथा क्वचित सापडते असं सगळे म्हणतात. पण जेसी पिंकमन हे पात्र पहिल्याच सीझनच्या शेवटी मारायचा मूळ बेत होता. जेसी साकारणाऱ्या आरन पॉलचं काम बघून मालिकेचे कर्ते विन्स गिलिगन यांनी तो बदलला. (लेखकांच्या संपामुळे सीझन लवकर संपला आणि जेसी वाचला, ही गोष्ट फार सांगितली जाते, गिलिगन यांनी स्वतः ती खोडून काढलीय.) माइक हे पात्र तर जन्मालाच आलं त्यातल्या वकिलाचं काम करणाऱ्या बॉब ओडेनकर्क यांच्या तारखा जुळेनात म्हणून. ते दुसऱ्या मालिकेत अडकले होते, एका प्रसंगापुरता दुसरा माणूस हवा होता, तो जोनाथन बँक्स यांनी असा काही उभा केला की पुढे त्याच्याशिवाय मालिका कल्पनेत येईना. पाचव्या सीझनच्या पहिल्याच प्रसंगात गाडीच्या डिकीत मशीनगन दिसते. ती कशाला वापरायची हे ते लिहिताना लेखकांना माहीत नव्हतं. ते शोधायला त्यांना जवळजवळ सगळा सीझन लागला. आणि जो दुसरा सीझन त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत आखून लिहिला, तो लिहिताना एवढा घाम निघाला की तसं पुन्हा केलं नाही.

कधी नियतीच हात घालते. ‘द सोप्रानोज’मधल्या माफिया सरदार टोनीची आई लिव्हिया साकारणाऱ्या नॅन्सी मर्चंड २००० साली वारल्या. तिसऱ्या सीझनमध्ये आई मुलाविरुद्ध साक्ष देणार की काय, यावर कथेचा मोठा ट्रॅक उभा राहायचा होता. तो सगळा गुंडाळावा लागला.

कधी चॅनेल. ‘ट्विन पीक्स’मध्ये लॉरा पामरला कोणी मारलं हे इतक्यात सांगायचंच नव्हतं. वरून दबाव आला, १९९० च्या नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या सीझनच्या सातव्याच भागात उत्तर देऊन टाकलं, आणि पुढच्या जूनमध्ये मालिका बंद. आजही ‘लवकर सांगा, ताणू नका’ म्हणणाऱ्या प्रेक्षकांना मी हे उदाहरण देतो. ताणणं वाईटच, पण जिच्या पोटातलं गुपित हेच इंजिन आहे तिचं पोट फाडल्यावर गाडी चालायची कशी?

माझी स्वतःचीही एक कबुली देऊन टाकतो. एका मालिकेत आमचा एक म्हातारा खबऱ्या होता. शंभरेक भाग तो नायकाशी इमानाने वागला, प्रेक्षकांचा लाडका. मग त्या अभिनेत्याला दुसरीकडे मोठं काम मिळालं, आमच्याकडे त्याच्या चार दिवसांच्या तारखा उरल्या. चार दिवसांत त्याला बाहेर काढायचा होता. मारला तर नायक सूड घेणार, त्याला वेळ नव्हता. म्हणून आम्ही त्याला फितूर केला. कारण म्हणून मुलीच्या ऑपरेशनचे पैसे घातले. मुलगी आहे हे तोवर कोणालाच माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं. वरताण म्हणजे मुलीचा उल्लेख असलेला एकमेव प्रसंग एडिटवर उडाला, भाग तीन मिनिटं लांब होत होता. आणि पुढच्या पंधरा भागांची बँक तयार, म्हणजे ते आधीच चित्रित झालेले, असल्यामुळे दुरुस्तीलाही वाव नव्हता. ‘म्हातारा असं करणारच नाही’ म्हणून जी पत्रं आली, ती शंभर टक्के बरोबर होती. म्हातारा असं करत नव्हता, आम्ही करत होतो.

हे सांगण्याचं कारण, तुम्हाला फरक ओळखता यावा. आमच्या म्हाताऱ्याच्या बाबतीत तक्त्यातली चौकट खरंच रिकामी होती, नंतर बोळा कोंबला. तुमच्या अधिकारीच्या बाबतीत चौकट भरलेली होती, फक्त पडदा टाकला होता. पहिल्या जातीची चूक पुन्हा बघताना आणखी खटकते. दुसऱ्या जातीची पुन्हा बघताना विरघळून जाते. तिसरा सीझन दुसऱ्यांदा पाहिलेल्यांपैकी कितीजण अजून चिडलेले आहेत, हे तुमच्या मंडळींना विचारा. मला वाटतं, फार नसतील.

चाहत्यांनी केलेल्या अंदाजांवरून लेखक कथा बदलतात का, हेही कोणीतरी विचारेलच. बदलणारे आहेत. माझ्या मते तो भित्रेपणा आहे. कोणी खुनी बरोबर ओळखला याचा अर्थ तुम्ही खुणा प्रामाणिकपणे पेरल्यात. त्याला चकवायला शेवटच्या क्षणी खुनी बदललात, तर बाकी सगळ्या खुणा खोट्या पडतात.

आता नवरा.

त्याच्याबद्दल तुम्ही लिहिलंय की तो काहीच वाईट करत नाही. बरोबर. तो फक्त विचारतो. कुठे होतीस, एवढा उशीर का, फोन का उचलला नाहीस, हात का थरथरतोय. घराघरात विचारले जाणारे प्रश्न. पण ज्या क्षणी बायकोच्या खिशात पुंगळी आहे हे आपल्याला कळतं आणि त्याला कळत नाही, त्या क्षणी त्याचा प्रत्येक प्रश्न आपल्याला अडथळा वाटायला लागतो. आपण तिच्या गुपितात भागीदार झालेले असतो. भागीदाराला पोलीस नको असतो, मग तो घरातला का असेना. हे लेखकाच्या हातातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात क्रूर हत्यार आहे: ज्याच्या डोळ्यांनी गोष्ट दाखवाल, त्याच्या आड येणारा प्रत्येक जण खलनायक.

‘ब्रेकिंग बॅड’मधल्या स्कायलरवर याच कारणाने लोक तुटून पडले. नवरा अमली पदार्थ बनवतोय, माणसं मारतोय, आणि राग कोणाचा, तर ‘तू कुठे होतास’ विचारणाऱ्या बायकोचा. हा द्वेष पात्रावरून कलाकारावर इतका सरकला, की स्कायलर साकारणाऱ्या ॲना गन यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यावर लेख लिहिला. त्यात बाईपणाचा मोठा वाटा होता हे त्यांचं म्हणणं मला पटतं. हेच प्रश्न नवऱ्याने विचारले असते तर एवढं विष उगाळलं गेलं नसतं. तुमच्या मालिकेने नेमकी तीच अदलाबदल करून पाहिलीय, आणि बघा, राग आहेच. पण त्याची जात वेगळी आहे. नवऱ्याला लोक ‘कटकट्या’ म्हणतात, ‘बावळट’ म्हणतात. स्कायलरला जे म्हटलं गेलं ते इथे लिहिण्याजोगं नाही.

माहितीचा भाग किती आणि बाकीचा किती, हे तपासायला तुमच्या हाताशी एक सोपी जागा आहे. आठव्या भागात तो इस्त्रीला द्यायला तिची पँट काढतो, खिसे चाचपतो, आणि पुंगळी त्याच्या तळहातावर येते. तो तिला हाक मारत नाही. काही विचारत नाही. स्वयंपाकघरात जातो, ओट्यावर तिच्या चहाच्या कपाशेजारी ती पुंगळी उभी ठेवतो आणि दिवा घालवून झोपायला जातो. त्या रात्रीपासून त्याला तेवढंच माहीत आहे जेवढं आपल्याला. नवव्या भागात तो पुन्हा विचारतो, ‘आज उशीर होईल?’ तेच शब्द, तोच सूर, दारात उभं राहून. तुमच्यापैकी किती जणांना त्या वेळी त्याचा राग आला?